नारिंगी वाइन

नारिंगी वाइन : पांढऱ्या जातीच्या द्राक्षांचा रस त्यांच्या सालींसह, बहुधा बियांसहही, आंबवून केलेली वाइन. बाजारात ती ऑरेंज वाइन या नावाने मिळते. जॉर्जियात तिला अंबरी वाइन म्हणतात. संत्र्याशी तिचा काही संबंध नाही. संत्र्याच्या रसापासूनही वाइन करतात, पण तो निराळा पदार्थ होय. नारिंगी वाइनचा रंग गडद सोनेरीपासून तांबूस तपकिरीपर्यंत कुठलाही असू शकतो. सालींतून उतरलेल्या टॅनिनमुळे ती जिभेला तुरट लागते आणि याच तुरटपणामुळे ती पांढऱ्या वाइनपेक्षा लाल वाइनची जवळची नातलग ठरते.

वाइनचा प्रकार कोणता हे द्राक्षाचा रंग आणि सालींचा रसाशी होणारा सहवास या दोन गोष्टींवर ठरते. काळी द्राक्षे सालींसह आंबवली की लाल वाइन होते. काळ्याच द्राक्षांच्या साली काही तासांत काढून घेतल्या की रोझे. पांढरी द्राक्षे पिळून साली लगेच वेगळ्या केल्या आणि नुसता रस आंबवला की पांढरी. उरलेली चौथी शक्यता म्हणजे नारिंगी वाइन. साली किती काळ ठेवल्या म्हणजे तिला हे नाव द्यावे, यावर एकमत नाही. दक्षिण आफ्रिकेने 2015 मध्ये अशा वाइनसाठी स्वतंत्र वर्ग केला तेव्हा किमान 96 तासांची अट घातली; कॅनडातील आँटॅरिओ प्रांताने 10 दिवसांची घातली. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने 2020 मध्ये केलेल्या व्याख्येत ही मुदत एक महिन्याची आहे. ‘ऑरेंज वाइन’ हे नाव डेव्हिड हार्वे या ब्रिटिश वाइन-व्यापाऱ्याने 2004 मध्ये सुचवले. नाव विशीतले आहे. रीत मात्र हजारो वर्षांची.

कृती : घड पूर्ण पिकल्यावर तोडतात. साल रसात राहणार असल्याने कच्ची, फुटकी, बुरशी लागलेली द्राक्षे या वाइनमध्ये चालत नाहीत. देठ काढून मणी हलकेच फोडले जातात आणि रस, साली व बिया असा सगळा ऐवज टाकीत, लाकडी पिंपात किंवा मातीच्या रांजणात घालतात. सालींवर आणि वायनरीच्या हवेत असलेल्या यीस्टमुळे एकदोन दिवसांत, थंडी असेल तर थोडे उशिरा, आंबवण सुरू होते. अनेक उत्पादक बाहेरचे यीस्ट मुळीच घालत नाहीत. कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांबरोबर साली वर येऊन त्यांचा जाड थर जमतो. तो दिवसातून तीनचार वेळा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरचा थर कोरडा पडून त्यात व्हिनेगरचे जंतू वाढतात. कष्टाचे काम हेच. साखर संपून अल्कोहोल तयार व्हायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. पुढे साली बुडायला लागतात. त्या तेव्हाच काढायच्या की आणखी काही महिने ठेवायच्या हा निर्णय उत्पादकाचा, आणि वाइनचे व्यक्तिमत्त्व बहुतांशी तिथेच ठरते. शेवटी चोथा दाबयंत्रात पिळून वाइन वेगळी काढतात, निवळू देतात आणि मुरवतात. बऱ्याचदा ती न गाळताच बाटलीत भरली जाते, म्हणून तळाशी गाळ दिसतो. तो दोष नव्हे.

पांढऱ्या द्राक्षांच्या सालीत लाल रंगद्रव्य नसते. नारिंगी छटा येते ती सालींतील फिनॉल वर्गाच्या द्रव्यांमुळे आणि त्यांच्या हळूहळू होणाऱ्या ऑक्सिडीकरणामुळे. कापलेले सफरचंद तपकिरी पडते, त्याच जातीची ही क्रिया. हीच द्रव्ये ऑक्सिजनशी स्वतः संयोग पावून वाइनला काही अंशी टिकवतात. त्यामुळे सल्फाइट कमी घालून, क्वचित अजिबात न घालता, ही वाइन करता येते. ‘नैसर्गिक वाइन’च्या चळवळीने तिला डोक्यावर घेतले ते यामुळे. मात्र दोन्ही एकच नव्हेत. रासायनिक फवारणीच्या बागेतली आणि पाकिटातले यीस्ट घातलेली नारिंगी वाइनही असते.

जॉर्जिया : या देशात सापडलेल्या नवाश्मयुगीन मडक्यांच्या तुकड्यांत द्राक्षवाइनचे रासायनिक अवशेष मिळाले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार ते इ.स.पू. 6000 च्या सुमाराचे आहेत. आजची जॉर्जियन रीत क्वेव्री या रांजणाभोवती उभी आहे. अंड्याच्या आकाराचा, तळाशी निमुळता हा मातीचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला असतो. पूर्वेकडील कखेती प्रांतात रकात्सितेली, म्त्स्वाने, किसी या जातींचा रस साली, बिया आणि देठांसह त्यात ओततात. आंबवण संपल्यावर तोंडावर दगडी झाकण ठेवून ते मातीने लिंपतात आणि वसंत ऋतूत उघडतात. आकार उगाच तसा नाही. जड बिया टोकाशी जाऊन बसतात, त्यांच्यावर सालींचा थर येतो आणि बियांचा कडवट तुरटपणा वाइनपासून बराचसा झाकला जातो. जमिनीत पुरल्याने तापमान स्थिर राहते, यंत्राने गारवा द्यावा लागत नाही. पश्चिमेकडील इमेरेतीत साली कमी आणि मुदतही कमी, त्यामुळे तिथली वाइन सौम्य.

सोव्हिएत काळात कारखान्यांनी क्वेव्री बाजूला सारली. ती टिकली घरोघरच्या तळघरांत. रशियाने 2006 मध्ये जॉर्जियन वाइनच्या आयातीवर बंदी घातली आणि मोठी बाजारपेठ एका फटक्यात गेली. पश्चिमेकडे गिऱ्हाईक शोधताना जॉर्जियन उत्पादकांना कळले, की परदेशी जाणकाराला कारखान्यातल्या गोड लाल वाइनपेक्षा आजोबांच्या रांजणाचे अप्रूप जास्त. 2013 मध्ये क्वेव्रीत वाइन करण्याची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

इटली व स्लोव्हेनिया : या दोन देशांच्या सीमेवरील ओस्लाविया गाव आधुनिक नारिंगी वाइनचे माहेर मानले जाते. सालींसह पांढरी वाइन करण्याची रीत त्या मुलखात पूर्वी होतीच. व्हिपावा खोऱ्यातील धर्मगुरू मातिया व्हेर्तोवेत्स याने 1844 मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्राक्षशेतीच्या पुस्तकात ती आहे. विसाव्या शतकात स्टीलच्या टाक्या आणि शीतकरण आले आणि ती मागे पडली. स्तान्को रादिकॉन याने 1995 मध्ये रिबोल्ला जाल्ला ही स्थानिक जात सालींसह आंबवून पाहिली. त्याचा शेजारी योश्को ग्राव्नर तोवर ओकच्या लहान पिंपांतल्या पांढऱ्या वाइनसाठी नावाजलेला होता. 1987 मध्ये तो कॅलिफोर्नियाला गेला आणि तंत्राच्या जोरावर केलेल्या एकसुरी वाइन चाखून निराश होऊन परतला. 1996 च्या गारपिटीत त्याचे पीक गेले. जे थोडे वाचले ते त्याने सालींसह आंबवले. 2000 मध्ये त्याने जॉर्जिया गाठले आणि 2001 च्या हंगामापासून वाइन पुरलेल्या रांजणांत करू लागला. समीक्षक बुचकळ्यात पडले, जुनी गिऱ्हाइके तुटली, पण तो मागे फिरला नाही. जगभरच्या तरुण उत्पादकांनी पुढे ही वाट धरली ती या दोघा हट्टी शेजाऱ्यांमुळे.

धाराशिव व महाराष्ट्र : धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवृत्तात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे आणि तिथला माल गाड्यांतून भडोचला जात असल्याचे नमूद आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइन आहे, आणि त्यातही इटलीची पहिल्या पसंतीची. ही वाइन ज्या अँफोरा कुंभांतून येई, त्यांचे तुकडे नेवासे येथील उत्खननात मिळाले आहेत. अँफोरा आणि क्वेव्री यांची गल्लत वाइनच्या जाहिरातींत सर्रास होते. अँफोरा वाहतुकीचा, दोन कानांचा कुंभ. क्वेव्री एकदा पुरली की हलत नाही.

आजचा महाराष्ट्र देशातील निम्म्याहून अधिक द्राक्षे पिकवतो, पण त्यांतली बहुतेक खाण्याची आणि बेदाण्याची. धाराशिव जिल्ह्यात ऊस, तूर, सोयाबीन यांचे राज्य आहे. तुळजापूरकडे द्राक्षबागा दिसतात. वाइनचा भर नाशिकवर आहे. शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात नारायणगावला शॅम्पेनच्या धर्तीची वाइन करून आधुनिक धंद्याची सुरुवात केली, राजीव सामंत यांच्या सुलाने 2000 मध्ये नाशिकची सोव्हिन्यों ब्लां आणि चेनिन ब्लां बाजारात आणली, आणि 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले. धाराशिवला त्या मानाने जवळचे मोठे नाव सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीचे. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती उभारली.

इथे नारिंगी वाइन करायची तर अडचण रांजणाची नाही, द्राक्षाची आहे. थॉमसन, सोनाका, माणिक चमन या खाण्याच्या जाती बिनबियांच्या. त्यांना जिबरेलिक आम्ल देऊन मणी फुगवलेले असतात, म्हणजे रस भरपूर आणि त्या मानाने साल नगण्य. जी वाइन सालीवर जगते तिला असे द्राक्ष काय देणार? दुसरी गोष्ट फवारणीची. पांढऱ्या वाइनमध्ये साल लगेच बाजूला होते. इथे ती आठवडेच्या आठवडे रसात राहते आणि तिच्यावर जे असेल ते टाकीत उतरते. भुरीसाठी मारलेले गंधक उरले तर आंबवताना त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणून काढणीआधीच्या फवारण्यांचा हिशेब या वाइनसाठी अधिक कडक हवा.

तिसरी गोष्ट उष्णतेची. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर आपले पीक जानेवारी ते मार्चमध्ये हाती येते. उशीर होईल तसे ऊन वाढते आणि मण्यातले आम्ल उतरते. त्यात सालींतून पोटॅशियम रसात येते, ते टार्टारिक आम्लाशी संयोग पावून स्फटिकरूपाने तळाशी बसते आणि आंबटपणा आणखी घटतो. अशी वाइन बेचव लागते आणि जंतूंना बळीही लवकर पडते.

चवीत सुके जर्दाळू, संत्र्याची साल, अक्रोड, मध, कोरा चहा यांच्या छटा सांगितल्या जातात. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली तर नुसता तुरटपणा पुढे येतो. 12 ते 16 अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. नाजूक माशापेक्षा चरबी असलेल्या मांसाशी तिचे चांगले जमते, त्यामुळे उस्मानाबादी शेळीच्या मटणाशीही जमावे. तिखट मात्र हात राखून, कारण जहाल तिखटाने टॅनिन कडू लागते.

महाराष्ट्रात या वाइनसाठी सध्याच्या जातींपैकी सर्वांत योग्य चेनिन ब्लां होय, कारण उन्हातही ती आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवते. हंगामाच्या सुरुवातीला, ऊन वाढण्याआधी तोडलेले पिकलेले घड आणि सालींसह आठदहा दिवसांची मुदत एवढ्यावर पहिला प्रयोग करावा. सहा महिन्यांची कखेती रीत इथल्या हवेत भूमिगत गारव्याशिवाय करू नये.