बट्टा

गेली वीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे बसून दुसऱ्यांचे पैसे मोजतोय. त्यामुळे ‘याला पैशातलं कळतं’ असा नातेवाइकांचा समज होता. सिंगापूरच्या सहलीत तो दूर झाला.

त्याचं असं झालं, की सौ.ला एक पर्स आवडली. मी कार्ड पुढे केलं. यंत्रानं विचारलं, ‘रुपयांत देता की डॉलरांत?’ परक्या मुलखात रुपयाचं नाव वाचून माझा ऊर भरून आला आणि मी बाणेदारपणे रुपयांवर बोट ठेवलं. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा उलगडा झाला. रुपये निवडले, की त्यांचा भाव दुकानाकडची मंडळी ठरवतात आणि त्यातला वाटा दुकानदारालाही मिळतो. मेहुण्यानं मात्र तिथलेच डॉलर निवडले होते. मेहुणा शाळेत चित्रकला शिकवतो.

या कापाकापीला आपल्याकडे जुना शब्द आहे : बट्टा. पेशवाईत चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच वेळी चालत. इकडचा रुपया तिकडे नेला, की सराफ तो वाजवून, पारखून घेई आणि बट्टा कापी. बंगालमध्ये तर नाण्यावरचं साल जुनं झालं की त्याची किंमत उतरे. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढे १८३५ साली कंपनी सरकारनं १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया पाडायला घेतला आणि जुन्या रुपयांचे दिवस भरले. बट्टा नावाला लागण्यापुरता भाषेत उरला, असं आपल्याला वाटलं. पण तो परदेशी जायच्या तयारीत होता! १८९१ साली अमेरिकन एक्सप्रेसनं ट्रॅव्हलर्स चेक काढला. घेताना एक सही, वटवताना दुसरी, कमिशन वेगळं. मग कार्ड आलं. सह्या गेल्या, बट्टा राहिला. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे दहा हजारांच्या खरेदीवर ३५० अधिक ६३, एकूण ४१३ रुपये. काही कार्डांवर हा आकार मुळीच नसतो. पण ते निघण्यापूर्वी विचारायचं असतं, परत आल्यावर नव्हे.

१६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. आमची मुंबईची नाणी तुमच्या मुलखात चालावीत, ही त्याची एक मागणी. महाराजांनी सक्ती करायला नकार दिला. नाणं चोख आणि वजनात पुरं असेल तर मनाईही नाही. लोक पारखून घेतील, असा त्या उत्तराचा भाव होता. नाण्यावर नाव कुणाचं, हे बघायचं नाही. पदरात काय पडतं, ते बघायचं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मला शाळेपासून पाठ आहे. यंत्रासमोर तेवढी आठवली नाही.

आता कुणी परदेशी निघालं, की मी न विचारता सांगतो : यंत्रानं विचारलं तर तिथलंच चलन निवडा, आणि आपल्या कार्डावर किती कापतात ते आधी बँकेत विचारा. लोक मान डोलावतात आणि मेहुण्याला फोन करून खात्री करून घेतात.

सौ. ती पर्स अजून वापरते. कुणी किंमत विचारली की सांगते, “शंभर डॉलर. शिवाय यांचा बट्टा.”