असईचा उतार

मंडळी, नदीला उतार कोठे आहे हे खेड्यातल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. दोन काठांवर समोरासमोर गावे वसली असली, की मध्ये जाण्यायेण्याची वाट असायचीच. एवढ्याशा गोष्टीवर आपल्या मुलखातली एक मोठी लढाई फिरली.

आर्थर वेलस्ली १७६९ साली आयर्लंडात जन्मला आणि १७९७ साली फौजेबरोबर हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ गव्हर्नर जनरल झाला. वशिला मिळाला हे खरे. पण वशिल्याने लढाया जिंकता येत नाहीत. बैल, धान्य आणि रस्ते यांची बेगमी केल्यावाचून फौज हलत नाही, हे तो म्हैसूरकडे शिकला.

१८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि इंग्रजांचा हात धरला. शिंदे-भोसल्यांना ते मानवले नाही. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ, त्याला मराठी फौज दिसली. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ती उभी होती, जवळ शंभरावर तोफा. त्याच्यापाशी माणसे सातएक हजार.

वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने दुर्बीण लावली. पलीकडे एक गाव, अलीकडे दुसरे. म्हणजे उतार असलाच पाहिजे! तो होता, आणि तो अडवायला तिथे पुरेशी फौज नव्हती. वेलस्ली बगलेवर येऊन उभा राहिला.

तरी लढाई सोपी झाली नाही बरे! शिंद्यांच्या कवायती पलटणींनी भराभर तोंड फिरवले. गोलंदाज तोफांपाशीच पडले. कित्येक मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांच्या पाठीवर गोळे टाकू लागले. इंग्रजांकडचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. पण दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले घोडदळासह रणांगणातून निघून गेले होते. होळकर तर या युद्धात उतरलेच नव्हते. डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव येथे तह झाले.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. १८२८ साली तो पंतप्रधान झाला. लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असे त्याला पुढे कोणी विचारले, तेव्हा त्याने वॉटर्लूचे नाव घेतले नाही. तो म्हणाला, असई.

शिक्षकबंधूंनो, वर्गात हा धडा घ्याल तेव्हा फक्त सनावळी सांगू नका. फळ्यावर दोन नद्या काढा, दोन गावे काढा आणि विचारा, उतार कोठे असेल? खेड्यातले पोर चटकन बोट ठेवील. मग दुसरा प्रश्न विचारा : जे या पोराला कळते, ते आपल्या सरदारांनी का ध्यानात घेतले नाही? आणि त्या तोफांपाशी पडलेल्या गोलंदाजांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येते का?