जोडबीड

जोडबीड : राजस्थानातील मृतभक्षक पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले संवर्धन राखीव क्षेत्र. थरच्या वाळवंटात, बीकानेर शहराच्या आग्नेयेस सु. १२ किमी. क्षेत्रफळ सु. ५६ चौ. किमी. घोषणा २००८. बीड म्हणजे राखलेले कुरण. मराठवाड्यातील जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही.

हिरव्यागार अभयारण्याच्या कल्पनेने येणारा पाहुणा येथे पहिल्याच वासाला थबकतो. मराठी मुलखात जिला ढोरफोडी म्हणतात, तशी जागा हेच या क्षेत्राचे मर्म आहे. शहरातली व भोवतालच्या गावांतली मेलेली गुरे, म्हशी, उंट गाडीत घालून येथे आणून टाकतात. कातडे सोलून झाले की पुढचे काम पक्ष्यांचे.

त्यांच्यातही कामाची वाटणी असते. काळ्या गिधाडाची चोच दणकट, ते राठ कातडे व स्नायू फाडते. युरेशियन व हिमालयी गिधाडे लांब, विरळ पिसांची मान सांगाड्यात खुपसून आतले मऊ मांस ओढतात. अंगाने लहान असलेली पांढरी गिधाडे कडेकडेने फिरत हाडांना चिकटलेले तुकडे टिपतात. त्यांची पिल्ले तपकिरी काळी असल्याने नवखा निरीक्षक त्यांना वेगळीच जात समजतो. हिवाळ्यात मध्य आशियातून स्टेप गरुड उतरतात आणि शमीच्या झाडांवर, नुसत्या वाळूवरही बसून राहतात. एरवी एकटादुकटा दिसणारा हा शिकारी येथे थव्याने, तेही फुकटच्या जेवणाला जमतो. पिवळ्या डोळ्यांचे पारवे मात्र मढ्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. हिवाळ्यात येणाऱ्या या दुर्मिळ पाहुण्यांसाठी पक्षिनिरीक्षक मुद्दाम वाट वाकडी करतात. चिंकारा, वाळवंटी खोकड व सांडा हेही येथले रहिवासी.

खरा उपद्रव मोकाट कुत्र्यांचा. मांसावर पोसलेल्या त्यांच्या टोळ्या गिधाडांना हुसकावतात. विजेच्या तारांवरही मोठे पक्षी दगावतात. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मढ्यातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. अ‍ॅसिक्लोफेनॅक व कीटोप्रोफेनवर थेट २०२३ मध्ये. राजस्थानातील अशाच एका ढोरफोडीवर मेलेल्या दोन स्टेप गरुडांच्या शरीरात डायक्लोफेनॅक सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे विष एकट्या गिधाडांपुरते नाही.

अर्थव्यवस्था : पशुपालन, कातडी व हाडांचा व्यापार. राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र (स्था. १९८४) येथेच आहे. राज्यातील उंट २०१२ च्या पशुगणनेत सु. ३.२६ लाख, २०१९ मध्ये सु. २.१३ लाख.

भेटीस नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नाकाला रुमाल घरूनच न्यावा.