शालेय परिसर-संशोधन

शालेय परिसर-संशोधन : माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांनी भोवतालच्या सजीवांचा आणि त्यांच्या अधिवासाचा जागेवर जाऊन, मोजमाप व नोंदी करून केलेला अभ्यास. निसर्गसहल व वृक्षारोपण यांचा यात समावेश होत नाही.

पूर्वपीठिका : सर्वोच्च न्यायालयाच्या 22 नोव्हेंबर 1991 च्या आदेशाने (एम. सी. मेहता खटला) पर्यावरण शिक्षणाला चालना मिळाली. 1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी 10 ते 17 वयोगटातील मुले शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली स्थानिक प्रश्नांवर प्रकल्प करतात.

क्षेत्र : उदाहरणादाखल पाचोरा (जि. जळगाव) परिसर घेता येईल; शहरातून हिवरा नदी वाहते. तालुक्यात गिरणाकाठ, कपाशीची काळी राने व शेतांचे बांध, तर दक्षिणेकडे अजिंठ्याची डोंगररांग आहे. चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवी परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात (1986) मोडतो. तेथील अभ्यासास वनविभागाची परवानगी लागते.

वनस्पती-गणना : शाळेला सर्वांत सुलभ पद्धत चौकटीची. चार खुंट्या व सुतळी एवढ्यावर काम भागते. गवत व लहान रोपांसाठी 1 मी. × 1 मी., झुडपांसाठी 5 मी. × 5 मी. आणि वृक्षांसाठी 10 मी. × 10 मी. चौकट आखतात. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवावी. हिरवीगार जागा पाहून चौकट टाकल्यास गणना फसते. मूळ चौकटीत असलेले रोपच मोजतात, बाहेरून आत झुकलेली फांदी धरत नाहीत. टाकळा, आघाडा, कुसळी अशी प्रत्येक जातीची रोपे वेगळी मोजतात. 20 पैकी 9 चौकटींत टाकळा आढळला, तर त्याची वारंवारता 45 टक्के. एकूण रोपांना चौकटींच्या संख्येने भागले की घनता मिळते. अनोळखी रोपाचे छायाचित्र घ्यावे किंवा परवानगी असेल तेथे फांदी वर्तमानपत्रात दाबून ठिकाण व तारखेची चिठ्ठी लावावी. ओळख पटवण्यास क्षीरसागर व पाटील यांचा जळगाव जिल्ह्याच्या वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथ (2008) उपयुक्त आहे.

खानदेशात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ऑगस्टमध्ये टाकळ्याने भरलेली चौकट एप्रिलमध्ये उघडी पडते. म्हणून त्याच चौकटी पावसाळा, हिवाळा व उन्हाळ्यात पुन्हा मोजणे आवश्यक असते. तारीख नसलेली नोंद निरुपयोगी ठरते.

वृक्षांचे ऋतुचक्र : ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात आंबा, चिंच, बहावा इत्यादींपैकी ठरावीक झाडाची पालवी, फुले व फळे दर आठवड्याला नोंदवतात.

प्राणिजीवन : पक्षी, फुलपाखरे व जलकीटक यांची गणना करतात.

उपयोग : विद्यार्थ्यांच्या नोंदी संशोधनात कितपत ग्राह्य धराव्यात, याबाबत मतभिन्नता आहे. तथापि जैवविविधता कायदा, 2002 अन्वये स्थानिक संस्थांना लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते व तिला अशा नोंदींची मदत होऊ शकते. प्रकल्पाचे गुण मिळाले की वह्या रद्दीत जातात, हे मोठे नुकसान आहे. शाळांनी त्या वर्षवार जपाव्यात आणि पुढच्या तुकडीने त्याच चौकटींपासून काम सुरू करावे.