कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला

डोळ्याच्या मागे, कवटीच्या तळाशी धमनी आणि शिरा यांच्यात तयार होणारा विकृत जोड. मेंदूला रक्त पुरवणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी तेथे कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळीतून जाते. धमनी फाटली की तिच्यातले जोरदार रक्त पोकळीत शिरते आणि डोळ्याच्या शिरांत उलटे वाहू लागते. त्यामुळे डोळ्यात रक्त तुंबते, दाब वाढतो. उपचार लांबल्यास दृष्टी जाऊ शकते.

प्रकार व कारणे : बॅरो यांच्या १९८५ च्या वर्गीकरणात चार प्रकार आहेत. अ प्रकारात मुख्य धमनीच पोकळीत उघडते. तो बहुधा डोक्याला मार लागल्यावर होतो आणि लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही दिसतात. ब, क व ड या अप्रत्यक्ष प्रकारांत मेंदूच्या आवरणाच्या बारीक धमन्या पोकळीला जोडल्या जातात. ते उतारवयातील स्त्रियांत अधिक आढळतात आणि सावकाश वाढतात. रायगड किनारपट्टीत मुंबई-गोवा महामार्गावरील दुचाकी अपघात आणि वाडीतल्या माडावरून पडणे ही डोक्याच्या इजेची परिचित कारणे आहेत.

निदान : डोळा लाल होतो, पुढे येतो, नाडीबरोबर धडधडतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. रुग्णाला डोक्यात ठोक्यागणिक ‘सूं-सूं’ ऐकू येते. लाली पाहून ‘डोळे आले’ समजून थेंब दिले जातात; पण डोळे आल्यावर चिकट घाण येते, येथे नागमोडी फुगलेल्या शिरा बुबुळाच्या कडेपर्यंत येतात. मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवल्यास तोच आवाज बहुधा डॉक्टरांनाही ऐकू येतो. ही तपासणी गावातल्या दवाखान्यातही होते. सोनोग्राफी, सीटी वा एमआरआयमध्ये डोळ्याची वरची शीर फुगलेली दिसते. पक्के निदान मात्र डीएसए या अँजिओग्राफीनेच होते.

उपचार : १८०९ मध्ये लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी मानेतली कॅरोटिड बांधून असा रुग्ण बरा केला. १९७४ मध्ये मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी रक्तवाहिनीत सोडता येणाऱ्या फुग्याचे तंत्र प्रसिद्ध केले. आज जांघेतून नळी वर नेऊन प्लॅटिनमच्या कॉइलने जोड बुजवतात. सौम्य अप्रत्यक्ष प्रकारांपैकी काही आपोआप बंद होतात. निवडक रुग्णांना डॉक्टर बाधित बाजूची मानेतली धमनी विरुद्ध हाताने थोडा वेळ दाबायला शिकवतात. मेंदूला रक्त कमी पडले तर तोच हात लुळा पडतो आणि दाब आपोआप सुटतो. धमन्या कठीण झालेल्यांनी हा उपाय करू नये. सल्ल्याशिवाय तर कुणीच नाही.

जोड बंद झाल्यावर आवाज लगेच थांबतो, लाली काही दिवसांत ओसरते. दुहेरी दिसणे जायला महिने लागतात. अलिबाग, मुरूड वा श्रीवर्धनच्या रुग्णाला या उपचारासाठी परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात जावे लागते. म्हणून डोक्याला मार लागल्यानंतर डोळा लाल होऊन धडधडू लागला, तर थेंबांवर दिवस न घालवता रुग्णाला तातडीने पुढे पाठवणे, हेच स्थानिक डॉक्टरांचे सर्वांत मोलाचे काम होय.