फाळ झिजला तर काय? किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची बेळगावातली सुरुवात

बेळगावच्या बाजारपेठेतल्या किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो. रस्त्याला हे नाव का, असं विचारलं तर बहुतेक जण सायकलच्या दुकानाची गोष्ट सांगतात. ती खरीच आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला जन्म १८८८ चा मानतो, तो याच दुकानामुळे. पण शेतीच्या इतिहासाच्या दृष्टीने बेळगावचं महत्त्व सायकलीपेक्षा नांगरामुळे जास्त आहे, असं माझं मत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले १८६९ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईला गेले. पण रंग ओळखण्यात दृष्टिदोष निघाला आणि ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. मुंबईहून ते सायकली पाठवायचे आणि बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे. नोकरी सोडून बेळगावी आल्यावर त्यांनी आधी कडबा कापण्याचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. लोखंडामुळे जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे मोजके नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. अडाणी समजुतीवर जिद्दीने मात केली, असं त्याचं तात्पर्य सांगितलं जातं. ते मला अपुरं वाटतं. समजूत होती, नाही असं नाही. पण विकत न घेण्यामागे शेतकऱ्याचा एक रोकडा हिशेबही होता, तो जरा मांडून बघू.

लाकडी नांगर म्हणजे बाभळीचं खोड, हळस, रुमणं आणि पुढे लोखंडी फाळ. नांगर सुतार करायचा, फाळ लोहार शेवटून द्यायचा. दोघेही गावातलेच. त्यांना रोख पैसे द्यावे लागत नसत, सुगी झाली की खळ्यावर बलुतं मिळे. ऐन नांगरटीत काही मोडलं तर संध्याकाळी सुताराच्या दारात नेऊन टाकायचं आणि सकाळी पुन्हा जुंपायचं. म्हणजे बनवणारा, दुरुस्त करणारा आणि उधारीवर थांबणारा, सगळे हाकेच्या अंतरावर. आजच्या भाषेत ही गावापुरती पुरवठा साखळीच होती.

लोखंडी नांगराने हे सगळंच मोडलं. पैसे रोख आणि तेही आधी. मोठा नांगर ओढायला बैलांच्या जास्त जोड्या लागणार, म्हणजे ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याला इर्जिकीची किंवा पैऱ्याची मदत घ्यावी लागणार. आणि सगळ्यात अवघड प्रश्न, फाळ झिजला तर काय? मी निम्मी नोकरी फाउंड्रीत काढली, म्हणून इथे थोडं थांबतो. बिडाचा फाळ लोहाराला भट्टीत तापवून ठोकता येत नाही, घाव बसला की तुटतो. इंग्लंडच्या रॅन्सम यांनी १८०३ मध्ये बिडाच्या फाळाची एक बाजू ओतताना झटकन थंड करायची पद्धत पेटंट केली होती. ती बाजू कडक होते, दुसरी मऊ राहून आधी झिजते, त्यामुळे धार आपोआप टिकते. युक्ती सुंदर आहे, पण फाळ शेवटी झिजतोच आणि मग नवाच घालावा लागतो. तो गावात होत नाही, कारखान्यातूनच यावा लागतो. म्हणजे शेतकरी नुसता नांगर घेत नव्हता, कुठल्या तरी लांबच्या कारखान्यावर दरवर्षी अवलंबून राहणं तो स्वीकारत होता. दोन वर्षं थांबून बघणारा माणूस मला तरी अडाणी वाटत नाही.

या नजरेने बघितलं तर कारखान्याच्या स्थलांतराचा अर्थही वेगळा लागतो. शहराच्या नव्या वस्तीसाठी बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला लावली, हे आपल्या गावाचं दुखणं. पण नवी जागा कुठे मिळाली ते बघा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनलगत बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. १० मार्च १९१० ला मंडळी तिथे उतरली तेव्हा माळावर निवडुंग आणि साप होते. तरी जागा लाखमोलाची होती, कारण ती पुणे–मिरज–बेळगाव या रेल्वेमार्गावर होती. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला लोंढ्यावरून मार्मागोवा बंदर. कच्चं लोखंड आणि कोळसा आत येणार, नांगर आणि सुटे फाळ बाहेर जाणार, तेही रेल्वेने. बेळगाव सुटलं, पण बेळगावची रेल्वे सुटली नाही.

१९१४ च्या महायुद्धाने विलायती नांगरांची आवक रोडावली आणि देशी मालाला जागा झाली. लोखंड-कोळशाची टंचाई मात्र किर्लोस्करवाडीलाही भोवली. या काळात माल हवा तेव्हा मिळणं हाच मालाचा मोठा गुण ठरला, असं मी म्हणेन.

उरला प्रश्न विश्वासाचा. गावचा लोहार ओळखीचा असतो, कारखाना नसतो. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, ते कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या घडवणारी ही मासिकं. त्यांचं मूळ नांगर विकणाऱ्याच्या गरजेत आहे, हे साहित्याच्या इतिहासात सहसा ओझरतंच येतं.

या बदलाची किंमतही कुणीतरी मोजली. कुंदा-हरळी मुळासकट उपटणारी खोल नांगरट शेतकऱ्याला मिळाली, पण सुताराचं आणि लोहाराचं खात्रीचं एक काम गेलं आणि त्याबरोबर खळ्यावरच्या बलुत्यावरचा त्यांचा हक्कही सैल झाला. कारखान्याचा इतिहास छापला गेला, त्यांचा कुणी लिहिला नाही.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर जुना लोखंडी नांगर असेल तर भंगारात घालण्याआधी त्यावरची ओतीव अक्षरं आणि क्रमांक यांचा फोटो काढून ठेवा. लोखंडी सामानाच्या जुन्या दुकानांतल्या खतावण्यांत ‘फाळ’ ही नोंद शोधा. कुठल्या साली, कुठल्या गावात, किती फाळ गेले, हे कळलं तर हा नांगर आपल्या मुलखात नेमका कसा पसरला याचा नकाशा काढता येईल. आणि घरात कुणी लोहारकाम-सुतारकाम केलेलं असेल तर त्यांच्याशी बोला. तेवढं मात्र लवकर करा.