वस्तरा : जुन्या पात्याची दुरुस्ती व धार

वस्तरा हे दाढी व क्षौर करण्याचे, मुठीत मिटणारे, एकाच बाजूला धार असलेले पोलादी हत्यार होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत, उर्वरित ग्रामीण महाराष्ट्राप्रमाणेच, ते नाभिकाच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, फणी, आरसा, पाण्याची वाटी आणि धार लावण्याची पथरी यांच्या सोबत असे. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या नाभिकाला वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीनंतर खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे आणि या भातशेतीच्या मुलखात ते धान्य मुख्यतः भातच असे. नेहमीच्या दाढीखेरीज बाळाचे जावळ आणि घरातील मृत्यूनंतर दहाव्या दिवशीचे क्षौर ही कामे वस्तऱ्यावाचून होत नसत, त्यामुळे एकच पाते बापाकडून मुलाकडे जाई आणि ते धारेवर ठेवण्याचे ज्ञानही त्याच वाटेने जाई.

सामाजिक इतिहासातही या हत्याराला स्थान आहे. विधवांचे केशवपन त्यानेच होत असे, आणि १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने हे काम नाकारण्याचा निर्धार केला. पोटावर पाय येण्याची शक्यता असताना घेतलेला तो निर्णय महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात आजही पुरेसा सांगितला जात नाही. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटील यांच्यासह हुतात्मा झालेले, ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या ‘आझाद दस्ता’चे नेते भाई कोतवाल हे माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मले होते व पुढे वकील झाले होते.

जुन्या वस्तऱ्यांत लोहाराने घडवलेली जाड पात्याची देशी हत्यारे आढळतात, तशीच इंग्लंडमधील शेफील्ड व जर्मनीतील झोलिंगेन या गावांची आयात पातीही आढळतात. शेफील्डला बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत वितळवलेले एकजिनसी पोलाद तयार केल्यानंतर तेथील पात्यांचा दर्जा वाढला. एकोणिसाव्या शतकात पात्याच्या दोन्ही बाजू आतून खोलगट घासण्याची पद्धत रुळली, तिच्यामुळे पाते धारेजवळ अत्यंत पातळ राहते आणि दगडावर थोडेच घासावे लागते. पात्याची रुंदी इंचाच्या अष्टमांशांत सांगतात, म्हणजे सुतार आणि गवंडी ज्याला सूत म्हणतात त्याच मापात. पाच-सहा सुती पाती सर्वांत अधिक सापडतात.

वस्तऱ्याच्या रचनेतील खरी खुबी त्याच्या पाठीत आहे. धार लावताना पाते दगडावर सपाट ठेवले की पाठ व धार दोन्ही एकाच वेळी टेकतात, त्यामुळे कोन हाताने धरावा लागत नाही, तो हत्यारातच बसवलेला असतो. पाते १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ ४.५ मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन सुमारे १६ अंश येतो. पाठ व धार बरोबरीने झिजत असल्याने वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही हा कोन फारसा बदलत नाही. मात्र कोणी पाठ उचलून किंवा एकाच बाजूला जोर देऊन घासले असेल, तर पाठीवर रुंद, असमान पट्टा दिसतो आणि अशा पात्याचा कोन टाचेकडे एक व टोकाकडे दुसरा असतो. जुना वस्तरा हाती घेतल्यावर प्रथम हीच गोष्ट पाहावी, गंज नंतर.

गंज ही या तालुक्यांत अटळ बाब आहे. पावसाळ्यात येथे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि हवा चार महिने ओलसर राहते. त्या हवेत कार्बनयुक्त पोलाद तेल न लावता ठेवले तर फार दिवस टिकत नाही. वरवरचा तांबूस गंज शिवणयंत्राचे तेल लावून बारीक पॉलिश पेपरने निघतो. काळे डाग पोलादाला अपाय करत नाहीत, ते राहू द्यावेत. धारेपर्यंत पोहोचलेले खड्डे मात्र घातक ठरतात, कारण घासत गेल्यावर धार त्या खड्ड्यात येते आणि तेथे तुटते. पितळी भांड्याला चालणारे चिंच व लिंबू पोलादाला लावू नये, कारण आम्ल त्याला खाते. फिरत्या चाकावर चमक आणण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. पात्याची कठिणता रॉकवेल मापनात साधारण ६० असते आणि ती पोलाद तापवून थंड करण्याच्या क्रियेतून आलेली असते. पातळ धार चाकावर क्षणात तापते, निळसर पडते आणि मऊ होते, व अशी धार पुन्हा टिकत नाही. शिकलगारांनी व फिरत्या धारवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले चाक कोयत्या-कात्रीसाठी उत्तम असले, तरी वस्तऱ्याचे काम त्यावर होत नाही.

मूठ शिंग, हाड, लाकूड किंवा सेल्युलॉइड यांची असते. सेल्युलॉइड जुने होऊन कुजू लागले की त्यातून आम्लधर्मी वाफ निघते व मिटलेले पाते आतल्या आत गंजते, म्हणून अशी मूठ बदलणेच योग्य. त्यासाठी पितळी खिळ्याचे टोक कानशीने घासून खिळा हलकेच ठोकून काढतात.

धार लावण्याच्या दगडाला निसणा असेही म्हणतात. सह्याद्रीतील काळा बेसाल्ट विळ्या-कोयत्याला चालतो, परंतु त्याचे कण एकसारखे नसल्याने वस्तऱ्याला उपयोगी पडत नाही. युरोपात बेल्जियममधील आर्डेन भागातला, गार्नेटचे सूक्ष्म कण असलेला पिवळसर दगड त्यासाठी नावाजलेला होता. आज कृत्रिम दगड क्रमांकांनुसार मिळतात, व क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक. १००० क्रमांकाच्या दगडावर दोन्ही बाजूंची उतरण धारेवर मिळवून घेतात, पुढे ३००० ते ५००० व शेवटी ८००० किंवा १२००० क्रमांकावर पहिल्या दगडाचे ओरखडे घालवतात. दगड आधी काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करावा, कारण दगडाचा खोलगटपणा पात्यात उतरतो. पाते धार पुढे ठेवून ढकलतात, प्रत्येक फेऱ्यानंतर पाठीवरूनच उलटतात आणि केवळ त्याच्या वजनाएवढाच दाब देतात. धारेला मार्करची शाई लावून एक-दोन फेरे मारले, की शाई जेथे उरली तेथे दगड लागत नाही हे लगेच कळते. पहिल्या दगडावर घाई करणे हीच या कामातली सर्वसाधारण चूक असते. उतरणी पूर्ण मिळालेल्या नसतील, तर पुढचे बारीक दगड केवळ चमक देतात, धार देत नाहीत.

यानंतर वस्तरा परजतात, म्हणजे ताणलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात. येथे दिशा उलटी असते : पाठ पुढे व धार मागे, नाहीतर पट्टा कापला जाऊन धार मुरडते. परजण्याने धातू फारसा झिजत नाही, धारेची वाकलेली सूक्ष्म किनार सरळ होते. अनेक नाभिक हे काम तळहातावरही करत. दगडाची गरज काही आठवड्यांनी पडते, पट्ट्याची मात्र प्रत्येक दाढीपूर्वी.

भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळल्यानंतर एकच पाते अनेकांना वापरण्याविषयी जागरूकता वाढत गेली, आणि मुरबाड-शहापूरच्या सलूनांतूनही कायमच्या पात्याच्या वस्तऱ्याची जागा अर्धे ब्लेड बसवून टाकून देता येणाऱ्या वस्तऱ्याने घेतली. हा बदल आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होता, कारण रक्तातून पसरणारे कावीळ ब व क हे आजारही दूषित पात्यातून होऊ शकतात. म्हणून दुरुस्त केलेला जुना वस्तरा एकाच व्यक्तीने स्वतःसाठी वापरावा. वापरानंतर तो पुसून, धार उघडी ठेवून वाळवावा, तेलाचे बोट फिरवावे आणि पावसाळ्यात मुठीत मिटून न ठेवता तेलकट कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा.